द्राक्षवेलीच्या आतले जिवाणू : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर, दिंडोरी

वेलीच्या आत राहणारे जिवाणू शोधायला नाशिक जिल्ह्यातल्या दोन द्राक्षबागा ठरल्या. एक अण्णांची, दिंडोरीजवळची. दुसरी त्यांच्या मेव्हण्यांची, निफाड तालुक्यात. दोन्हीकडे थॉमसन, दोन्हीकडे डॉगरिजचा खुंट (ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम बांधतात तो). वाण आणि खुंट मुद्दामच सारखे घेतले, म्हणजे पुढे फरक दिसला तर दोष वाणावर ढकलता येणार नाही.

अण्णांनी फवारणीची वही आधीच काढून ठेवली होती. तारीख, औषध, प्रमाण, सगळं नीट लिहिलेलं. निर्यातीच्या बागेत ही वही ठेवावीच लागते, त्यामुळे आमचं अर्धं काम फुकटात झालं. जुलैची पानं चाळताना दिसलं, की ठिबकमधून बॅसिलस, स्यूडोमोनास हे जिवाणू आणि ट्रायकोडर्मा ही बुरशी सोडलेली आहे. मी विचारलं तर अण्णा हसले. "ताई, तुम्ही वेलीत जे शोधणार ते आम्हीच बाटलीतनं सोडलंय."

प्रश्न खरा आहे. काडीच्या आत बॅसिलस सापडला, तर तो वेलीचा रहिवासी की जुलैतला पाहुणा? त्यांच्याकडे उरलेल्या बाटल्या होत्या. प्रत्येकीतून थोडं निर्जंतुक नळीत घेतलं. मेव्हण्यांच्या बागेत जैविक काहीच सोडलेलं नाही ("पैसे पाण्यात" असं त्यांचं मत), म्हणून ती बाग तुलनेला उत्तम.

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, बाटलीतल्या जिवाणूंनाही नमुन्यांसारखाच क्रमांक द्या, सगळ्या चाचण्या त्यांच्यावरही होतील.

९ ऑक्टोबर, गोडी छाटणी (फळांसाठीची)

पहाटेच गेलो. छाटणीची टोळी पुढे आणि पेस्टिंगवाले मागे, त्यांच्या मधल्या वेळात नमुने घ्यायचे होते. एकदा काडीच्या डोळ्यांना (कोंबांना) ते फुटावेत म्हणून पेस्टिंगवाल्यांचं हायड्रोजन सायनामाइड लागलं की काडी आमच्या कामाची राहत नाही. पेस्टिंगवाले हातमोजे घालून होते, आणि मुकादमाची ताकीद होती की आज-उद्या कोणी दारूला शिवायचं नाही. ही नुसती शिस्त नाही. सायनामाइड यकृतातलं, दारूपासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड मोडणारं एन्झाइम अडवतं. वर दारू पडली की चेहरा लाल होतो, धाप लागते, माणूस आडवा होतो.

प्रत्येक ओळीतल्या ठरलेल्या वेलींवरून पेन्सिलच्या जाडीची पक्व काडी, एक जुन्या ओलांड्याचा (तारेवर पसरलेल्या जाड फांदीचा) तुकडा आणि खुंटाजवळची बारीक मुळं घेतली. कात्री दर वेलीनंतर अल्कोहोलात बुडवून पेटवून घ्यायची. टोळीतल्या बायका थांबून बघत होत्या.

परवा पाणी दिलेलं असल्याने काही काड्यांच्या काप्यातून पाणी गळत होतं. हा झायलेमचा, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांचा रस, मुळांच्या दाबाने वर आलेला. पहिले थेंब टाकून दिले, नंतरचे निर्जंतुक नळीत धरले. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात बेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये द्राक्षवेलीच्या झायलेमच्या रसातलेच जिवाणू वाढवून ओळखले होते. या रसात साखर फारच कमी असते, अमिनो आम्लं आणि सेंद्रिय आम्लं मात्र असतात. तेवढ्यावर निभावणारे जीव तिथे राहतात.

वाट तीच, वाटसरू वेगळे. कॅलिफोर्नियातल्या बागा उद्ध्वस्त करणारा झायलेला फास्टिडिओसा याच नळ्यांमध्ये राहतो. पिअर्सचा रोग तो. आत राहणं हा काही चांगुलपणाचा दाखला नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

१० ऑक्टोबर, प्रयोगशाळा

दिवसभर फक्त निर्जंतुकीकरण.

काडीच्या सालीवर धूळ, तांब्याचे अवशेष आणि बाहेरचे असंख्य जिवाणू असतात. ते मारायचे, पण आतले मरू द्यायचे नाहीत. कापलेली दोन्ही टोकं आधी वितळलेल्या मेणात बुडवली. नाहीतर हायपोक्लोराइट नळ्यांतून थेट आत शिरतं आणि मग रिकाम्या प्लेटा बघत बसायचं. मग वाहत्या पाण्यात घासून धुणं, ७० टक्के अल्कोहोलात एक मिनिट, थेंबभर ट्वीन (साबणासारखं द्रव्य) घातलेल्या हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं, पुन्हा अल्कोहोल, आणि निर्जंतुक पाण्याच्या लागोपाठ धुण्या. अल्कोहोलने बॅसिलसचे बीजाणू मरत नाहीत, त्यांच्यासाठी हायपोक्लोराइटच लागतं. मुळं कोवळी असतात, त्यांना वेळ कमी.

शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर पसरलं. धुतलेली काडीही एका प्लेटवर लोळवून ठसा घेतला. या दोन प्लेटांवर काही उगवलं, तर त्या नमुन्यातून पुढे जे मिळेल ते सगळं बाद. इतर कोणत्याही निकालापेक्षा मला याच प्लेटांची जास्त काळजी आहे.

मग मेणाची टोकं छाटली, साल सोलली, आतला भाग बारीक चिरून निर्जंतुक खलात बफर घालून वाटला. द्राक्षाच्या ऊतीत फिनॉल भरपूर. वाटण आधी हिरवट, आणि बघता बघता चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं. हेच फिनॉल पुढे जिवाणूंनाही मारतात आणि पीसीआरही (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) बिघडवतात, म्हणून बफरमध्ये त्यांना धरून ठेवणारं पीव्हीपी घातलं होतं. आर२ए माध्यमावर पसरून २८ अंशांवर ठेवलं. आर२ए मुळात पिण्याच्या पाण्यातले जिवाणू मोजायला बनवलेलं, पोषण कमी असलेलं माध्यम आहे. झायलेममध्ये उपाशी राहायची सवय असलेल्यांना न्यूट्रिअंट अगारची मेजवानी मानवत नाही.

१३ ऑक्टोबर

धुण्याच्या पाण्याच्या आणि ठशांच्या प्लेटा स्वच्छ आहेत. अपवाद अण्णांच्या बागेतल्या एका जुन्या ओलांड्याचा. त्याची साल भेगाळलेली होती. तो नमुना वहीत खोडला.

१८ ऑक्टोबर

प्लेटा आता बघण्यासारख्या झाल्या आहेत. पिवळ्याधमक, गुळगुळीत वसाहती सगळ्यांत आधी आल्या. मळकट पांढऱ्या, सुरकुतलेल्या, कडा कातरलेल्या म्हणजे बहुधा बॅसिलस. आठवडाभराने टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके. हे मिथायलोबॅक्टेरियम असणार. झाडाची पेशीभित्ती वाढताना पेक्टिनमधून मिथेनॉल सुटतं, आणि हे त्यावर जगतात. शाळेत झाडाबद्दल कधी शिकवलं नाही असं हे एक खातं आहे.

रसाच्या नळ्यांमधून आलेल्या वसाहती कमी, पण प्रकार वेगळे.

प्लेटवर डोळ्यांना जे ठळक दिसतं तेच उचलायचा मोह होतो, आणि मग अर्ध्या संग्रहात एकच जात निघते. म्हणून प्लेटचा एक भाग आखून घेतला आणि त्यातली झाडून सगळी उचलली, बारीकसारीक आणि कंटाळवाणीसुद्धा. दिंडोरीच्यांना 'दि', निफाडच्यांना 'नि', बाटल्यांना 'बा'. स्ट्रीक करून शुद्ध करायचं काम दिवाळीपर्यंत पुरेल.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. जिवाणूंच्या स्लँट (तिरप्या माध्यमाच्या नळ्या) फ्रिजमध्ये, ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० अंशांत. कोणी मेलं नाही.

८ नोव्हेंबर

प्लेटवर न वाढणारेही किती असतील, म्हणून वाटणातून थेट डीएनए काढून ज्यावरून जिवाणू ओळखतात त्या १६ एस जनुकाचा पीसीआर केला. काढताना सीटॅब (पेशी फोडणारं द्रव्य) आणि पीव्हीपी. नेहमीच्या प्रायमरने (पीसीआर सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) जेलवर जोरदार पट्टा आला, आणि तो बहुतेक वेलीचाच आहे. हरितलवकाचा पूर्वज सायनोबॅक्टेरिया, तंतुकणिकेचा पूर्वजही जिवाणूच, त्यामुळे दोघांकडे १६ एस सारखं जनुक शाबूत आहे. वेलीच्या एका ग्रॅममध्ये त्यांची संख्या पाहुण्यांपेक्षा अफाट. आपण जिवाणू मोजतोय असं वाटतं आणि मोजत असतो हरितलवकं.

यावर उपाय आहे ७९९एफ हा प्रायमर. चेलियस आणि ट्रिप्लेट यांनी २००१ मध्ये मक्याच्या मुळांसाठी तो काढला. तो हरितलवकाला चिकटत नाही. तंतुकणिकेला चिकटतो, पण तिचा तुकडा लांब निघतो. आज जेलवर दोन पट्टे नीट वेगळे दिसले, वरचा सुमारे १,१०० डीएनए-जोड्यांचा, खालचा ७३५ च्या आसपास. खालचा ब्लेडने कापून घेतला. अतिनील दिव्याखाली मान वाकडी करून जेलचा तेवढाच चतकोर कापणं हे आमच्याकडे अजून हातानेच होतं, आणि ते मला आवडतं.

१६ नोव्हेंबर

अवकाळी पाऊस. रात्री अण्णांचा फोन. "डावणी आली ताई, पानामागं पांढरं दिसतंय." त्यांना वाईट, आम्हाला सोय. दोन्ही गोष्टी एकदमच मनात आल्या, आणि त्यांच्यापुढे एकीचाच उच्चार केला.

डावणी, म्हणजे केवडा, प्लाझ्मोपारा व्हिटिकोला. हा बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे, शैवालांच्या जवळचा. जिवंत पेशीशिवाय जगत नाही. त्यामुळे प्लेटवर एका बाजूला जिवाणू आणि दुसऱ्या बाजूला रोग ठेवून मधली मोकळी पट्टी मोजायची नेहमीची चाचणी इथे लागूच होत नाही. भुरी या दुसऱ्या रोगाचंही तेच. तरी 'प्लेटवर रोगाला रोखतो' एवढ्या बळावर डावणीचं औषध म्हणून जिवाणूंची जाहिरात होते, हे बघून आश्चर्य वाटतं.

पानांच्या चकत्या कापल्या, पालथ्या करून ओल्या गाळणकागदावर मांडल्या. निवडक जिवाणूंचं पाणी आदल्या दिवशीच शिंपडलं होतं. अण्णांच्या पानामागचा ताजा पांढरा थर ब्रशने थंड पाण्यात उतरवला. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणुधानी फुटून चलबीजाणू बाहेर पडताना दिसले. दोन शेपट्यांनी पोहत ते पर्णरंध्र शोधतात, तिथे थांबतात, शेपट्या टाकतात आणि आत अंकुरतात. सगळं पाण्याच्या एका पापुद्र्यात. पाऊस थांबून पान वाळलं की खेळ संपतो.

२४ नोव्हेंबर

चकत्या वाचल्या. नुसतं पाणी शिंपडलेल्यांवर पांढरी लव भरून आली. नि-१९ शिंपडलेल्यांवर ती विरळ, कडेकडेने. दि-१२ चाही परिणाम आहे, त्याहून कमी. बाकीच्यांचा काहीच नाही, आणि त्यात सगळ्यांत देखणे पिवळेही आले.

२ डिसेंबर, टेबलावरच्या चाचण्या

सीएएस अगार निळा असतो. जिवाणूने लोह पकडणारं रसायन सोडलं की भोवती नारिंगी वलय येतं. पिकोव्हस्काया माध्यम दुधी, स्फुरद विरघळलं की पारदर्शक वलय. साल्कोव्स्की अभिकर्मक घातल्यावर गुलाबी रंग आला तर ऑक्झिन, म्हणजे झाडाची वाढ करणारं संप्रेरक. बिननत्राच्या माध्यमात वाढला तर हवेतलं नत्र घेत असावा. प्रबंधांमध्ये हे तक्ते ओळीने येतात आणि ज्याच्यापुढे जास्त अधिकची चिन्हं तो 'उपयुक्त' ठरतो.

मला ही पद्धत पटत नाही. पिकोव्हस्कायातलं स्फुरद ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असतं. जिवाणू ग्लुकोजपासून आम्ल बनवतो, सामू उतरतो, वलय येतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तेवढं आम्ल चुना गिळून टाकतो. आणि काडीच्या आत राहणाऱ्याला ट्रायकॅल्शियम फॉस्फेट भेटणारच कुठे? ऑक्झिनचंही तसंच. माध्यमात ट्रिप्टोफॅन घातलं की निम्मेअधिक जिवाणू ते बनवतात, आणि खुंटावर गाठी आणणारा ॲलोरायझोबियम व्हिटिससुद्धा वेलीत ऑक्झिनच वाढवतो. नत्राच्या माध्यमात अगारमधल्या अशुद्धीवर भागवणारेही असतात.

लोहाची चाचणी मात्र मी गंभीरपणे घेते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही वेलीला मिळत नाही आणि कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. हा आपल्याकडचा खरा दुखरा भाग आहे. नि-७ चं वलय वसाहतीच्या दुपटीहून रुंद.

तांब्याची चाचणी आम्ही जादा घातली. बोर्डो (तांबं आणि चुन्याचं मिश्रण) मारणाऱ्या बागेत जो तांबं सोसत नाही, त्याचा शेतकऱ्याला उपयोग काय?

१९ डिसेंबर, नावं आली

सिक्वेन्सिंगचे निकाल आले. ब्लास्ट या जनुकं जुळवून बघणाऱ्या संगणकी साधनात टाकले. पिवळे बहुतेक पँटोइया आणि कर्टोबॅक्टेरियम. गुलाबी अंदाजाप्रमाणे मिथायलोबॅक्टेरियम. सुरकुतलेले बॅसिलस. मुळांतून स्यूडोमोनास. निफाडच्या मुळांतून एक बर्कहोल्डेरियाच्या गोतावळ्यातला.

नाव मिळालं की विद्यार्थी खूश होतात. पण १६ एसला सांगता येतं तेवढंच येतं. साधारण ९८.७ टक्क्यांखाली साम्य असेल तर जाती वेगळ्या म्हणता येतात. वर असेल तर जात एकच, असं मात्र नाही. बॅसिलस सबटिलिस, व्हेलेझेन्सिस आणि अमायलोलिक्विफेशियन्स १६ एसवर जवळजवळ सारखेच दिसतात. सीरियस, थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रॅक्सचं तेच, आणि तिथे घोटाळा परवडणारा नाही. सीरियस गटातले सगळे बाजूला काढले. उरलेल्यांचं गायरेज बी जनुक वाचायला पाठवलं.

बर्कहोल्डेरियाचा मोह मोठा आहे. या विषयातला सगळ्यांत नावाजलेला जिवाणू याच गोतातला, पॅराबर्कहोल्डेरिया फायटोफर्मन्स पीएसजेएन. तो मूळचा कांद्याच्या मुळातला. फ्रान्समध्ये रँस इथे शार्दोनेच्या रोपांना तो लावला, तर मुळातून शिरून वर खोडापानांत पोचला, आणि त्या रोपांनी थंडी जास्त सोसली. कांदा आणि द्राक्ष म्हटल्यावर नाशिककराचे कान टवकारणारच. पण याच गोतात सेपेशिया संकुलही आहे, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात घर करणारं. पूर्ण ओळख पटेपर्यंत आमची नळी बंद राहील आणि विद्यार्थ्यांच्या हाती जाणार नाही, असं मॅडमनी सांगितलं. पँटोइयावरही ३७ अंशांची आणि रक्त अगारची चाचणी लावली, कारण काटा टोचल्यावर चिघळणाऱ्या जखमांमध्ये तो सापडतो.

६ जानेवारी

बाटलीचा निकाल. बॉक्स-पीसीआरमध्ये जीनोममधल्या पुनरावृत्त तुकड्यांच्या मधल्या भागांच्या प्रती काढल्या जातात आणि जेलवर पट्ट्यांची शिडी येते. जिवाणूचा वाण एकच असेल तर शिडीही एकच. दि-१२ आणि बा-१ शेजारी शेजारी लावले. पट्टा अन् पट्टा जुळला. नि-१९ ची शिडी वेगळी, गायरेज बीनुसार तो व्हेलेझेन्सिस.

म्हणजे अण्णांचं बोलणं खरं ठरलं, आणि एका अर्थाने त्याहून पुढे गेलं. जुलैत ठिबकमधून जमिनीत सोडलेला जिवाणू ऑक्टोबरात काडीच्या आत होता. तो मुळातून चढला की छाटणीच्या एखाद्या जखमेतून शिरला, हे यावरून ठरत नाही. बाटलीतला स्यूडोमोनास मात्र वेलीत कुठेच मिळाला नाही. बीजाणू बनवणारा टिकला, न बनवणारा नाही.

'मूळ रहिवासी' या यादीतून दि-१२ काढला. 'उपयुक्त' या यादीत तो राहू दिला.

२ फेब्रुवारी

रोपवाटिकेतून मुळं फुटलेली डॉगरिजची रोपं आणली. आतापर्यंत वेलीतून जिवाणू काढले, आता परत घालायचे. रोपांत आधीचे जिवाणू असणारच, म्हणून आपला ओळखू यावा अशी खूण हवी. नि-७, नि-१९ आणि दि-१२ दाट करून रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर पसरले आणि तगलेल्या वसाहती उचलल्या. त्यांची वाढ मूळ जिवाणूएवढीच आहे ना, हे आधी पाहिलं. नाहीतर लंगडा घोडा शर्यतीत उतरवल्यासारखं होतं.

मुळं मिलिलिटरला सुमारे १० कोटी पेशी असलेल्या पाण्यात बुडवली आणि रोपं पिशव्यांत लावली. काही रोपं नुसत्या पाण्यात. पिशव्यांवर फक्त आकडे, कोणत्या आकड्यात काय ते मॅडमच्या कपाटात.

२० फेब्रुवारी

अण्णांच्या बागेत काढणी. कंटेनरआधीच्या अवशेष तपासणीचे नमुने गेले होते, त्यामुळे सगळे जरा ताणातच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अवशेषांवरून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तो धसका इथल्या माणसांच्या मनातून गेलेला नाही. झाडाखाली बसून अण्णांनी विचारलं, "तुमचे जिवाणू औषध खातात का?"

खाणारे आहेत. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये द्राक्षवेलीतूनच मिळवलेल्या बॅसिलस सबटिलिसने प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचं विघटन होतं हे दाखवलं. आमचे खातात का, ते आम्ही बघितलेलं नाही, हे सांगितलं. "मग बघा," म्हणाले. आम्ही लोह, ऑक्झिन, नत्र असे तक्ते भरत बसलो होतो, आणि ज्याच्या बागेतून काड्या आणल्या त्याची गरज त्या तक्त्यात नव्हतीच. पुढच्या टप्प्यात ही चाचणी पहिली.

२२ मार्च

रोपं उपटली. तेच सगळं पुन्हा: मेण, अल्कोहोल, हायपोक्लोराइट, शेवटचं पाणी प्लेटवर. मूळ, खुंटाचा तळ, पहिलं पेर, तिसरं पेर असे वेगळे तुकडे वाटून रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर.

२७ मार्च

मॅडमनी कपाट उघडलं, आकडे जुळवले. नुसत्या पाण्याच्या रोपांतून काहीच नाही. नि-७ तिसऱ्या पेरापर्यंत पोचला आहे, मुळात भरपूर, वर जाता जाता कमी. नि-१९ मूळ आणि खुंटाच्या तळातच, वर एकाही रोपात नाही. दि-१२ पहिल्या पेरात, पण सगळ्या रोपांत नाही.

म्हणजे पानाच्या चकतीवर डावणीला सगळ्यांत चांगलं रोखणारा मुळातून पानापर्यंत जातच नाही. चकतीवर तो आम्ही हाताने शिंपडला होता. तो ठिबकमधून सोडून डावणीवर उपयोग व्हायची आशा मला आज तरी वाटत नाही. फवारून बघायला हवा, आणि ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच जमेल. नि-७ ची पानं डोळ्यांना जास्त हिरवी वाटतात, पण डोळ्यांवर विसंबायचं नाही. पानं वाळवून लोहासाठी पाठवली.

८ एप्रिल

खरड छाटणी (फळं काढून झाल्यावरची) परवा सुरू होतेय. यंदा काड्यांबरोबर ओलांड्यावरचे छाटणीचे जुने काप्यांचे भागही घ्यायचे, दि-१२ जखमेतून शिरतो का ते बघायला. अण्णांना सांगून ठेवलंय, की आम्ही येईपर्यंत काप्यांना बोर्डो पेस्ट लावू नका. मेव्हण्यांनी काल स्वतःहून फोन केला. बाटली नेमकी कोणती, आणि दुकानात मिळते का, असं विचारत होते.